सरकार पक्षकार नसतानाही बोलते, ते कोणासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉशिंग्टन शहराच्या पिस्तूलबंदीविरुद्धच्या २००८ च्या हेलर खटल्याच्या वेळी बुश सरकार बंदूकधारकांचे पाठीराखे म्हणून ओळखले जात होते. मग त्याच सरकारच्या सॉलिसिटर जनरलने, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलाने, हेलर यांनी जिंकलेला निकाल रद्द करून खटला खाली परत पाठवा, असे सर्वोच्च न्यायालयाला का सांगितले? खटला वॉशिंग्टन शहर आणि काही नागरिक यांच्यातला, त्यात केंद्र सरकारला बोलायचा अधिकार कुठून आला? हा न्यायालयावर दबाव नाही का? सरकार बदलले की भूमिकाही बदलते, तर न्यायाधीशांनी तिला किंमत काय द्यायची? शेवटी तुम्ही टेक्ससमध्ये एच-१बी व्हिसावर असलेल्या धाकट्या भावाविषयीही विचारले आहे. ऑफिसातले मित्र त्याला शूटिंग रेंजवर बोलावतात, या सगळ्याचा त्याच्याशी काही संबंध येतो का, असे. येतो, आणि तो समजला तर बाकीचे प्रश्नही सोपे होतील. पण त्याकडे शेवटी वळू.

मी अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांतल्या अपिलांची कामे करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. सरकारी वकिलांनी लिहिलेले वाचायचे आणि त्याला उत्तर द्यायचे, हाच माझा धंदा. त्यामुळे माझा कल कुणीकडे असेल ते आधीच माहीत असू द्या.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेले आहे आणि घोटाळा तिथेच होतो. सरकार एकतर बंदुकीच्या बाजूचे असेल नाहीतर विरोधातले, असे आपण मानतो. निवडणुकीच्या सभेत ते खरेही असते. न्यायालयात मात्र अमेरिकेचे सरकार सगळ्यांत आधी स्वतःच्या कायद्यांच्या बाजूने असते. संसदेने केलेला फेडरल कायदा टिकवणे हे न्याय खात्याचे परंपरेने आलेले काम आहे, आणि त्या कायद्यांखाली रोज कुणाला तरी शिक्षा मागितली जात असते. एकीकडे हक्काचे गुणगान आणि दुसरीकडे त्या हक्कावरच्या प्रत्येक फेडरल बंधनाचे समर्थन, या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात सुखाने नांदतात. गेल्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्या घडामोडी या एका गोष्टीने बऱ्याच अंशी उलगडतात.

सरकार न्यायालयात शिरते कसे, ते आधी पाहू. सर्वांत मोठा दरवाजा फौजदारी खटल्याचा. बंदुकीच्या हक्कावरचे बहुसंख्य वाद कोणा संस्थेने घातलेल्या दिवाणी दाव्यातून उभे राहत नाहीत. आरोपी म्हणतो की ज्या कलमाखाली मला पकडले ते कलमच घटनाबाह्य आहे, आणि तिथे सरकार पहिल्या दिवसापासून पक्षकार असते. दुसरा दरवाजा सूचनेचा. दोन खाजगी पक्षांच्या भांडणात फेडरल कायद्याच्या वैधतेला आव्हान मिळाले, तर अॅटर्नी जनरलना, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखांना, कळवावे लागते आणि मध्ये पडण्यासाठी त्यांना साठ दिवस मिळतात. राज्याचा कायदा असेल तर राज्याच्या अॅटर्नी जनरलना कळवायचे. आपल्याकडच्या वकिलांना हे नवखे वाटणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश २७-क प्रमाणे भारतातही घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न निघाला की अॅटर्नी जनरल किंवा महाधिवक्त्यांना नोटीस जाते.

तिसरा दरवाजा तुम्ही विचारलेला, म्हणजे पक्षकार नसताना न्यायमित्र म्हणून लेखी निवेदन देण्याचा. इथे भारत आणि अमेरिका यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे न्यायमित्र बहुधा न्यायालय नेमते आणि त्याने तटस्थ राहावे अशी अपेक्षा असते. अमेरिकेत ज्याला निकालात रस आहे असा कोणीही न्यायमित्र होऊ शकतो आणि तो उघडउघड एका बाजूने लिहितो. हेलर खटल्यात अशी साठाहून अधिक निवेदने आली. त्यांत राज्ये होती, शहरे होती, इतिहासकार, डॉक्टर, पोलिसांच्या संघटना सगळे होते. पण सॉलिसिटर जनरलचे स्थान या गर्दीत वेगळे. इतरांना पक्षकारांची संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागत असे तेव्हाही त्यांना ती लागत नव्हती, तोंडी युक्तिवादासाठी वेळ मागितला तर बहुधा मिळतो, आणि पुष्कळदा न्यायालय स्वतःच सरकारचे मत कळवा म्हणून विचारते. निवेदनांच्या मुखपृष्ठांचे रंगसुद्धा नियमाने ठरलेले असतात आणि सरकारचे मुखपृष्ठ राखाडी असते. ढिगातले राखाडी पुस्तक न्यायाधीशांचे लिपिक वेगळे काढून वाचतात.

आता १९३९ कडे जावे लागेल, कारण पुढचा सगळा गुंता तिथून सुरू होतो. १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने मशिनगन आणि आखूड नळीच्या शॉटगनवर दोनशे डॉलरचा कर आणि नोंदणीची सक्ती आणली. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांची ती पार्श्वभूमी. जॅक मिलर आणि फ्रँक लेटन हे दोघे अठरा इंचांहून कमी नळीची, नोंदणी नसलेली शॉटगन घेऊन ओक्लाहोमातून आर्कान्सात जाताना पकडले गेले. जिल्हा न्यायालयाने शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन आरोपपत्रच रद्द केले. सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि तिथे दुसऱ्या बाजूने कोणीच आले नाही. मिलरच्या वतीने ना निवेदन दाखल झाले, ना वकील उभा राहिला. न्यायाधीशांसमोर होते ते फक्त सरकारचे म्हणणे. निकाल लागण्याआधीच मिलर गोळ्या लागून मेलेला सापडला.

न्यायमूर्ती मॅक्रेनॉल्ड्स यांच्या छोट्या निकालपत्राचा सारांश असा की, आखूड नळीच्या शॉटगनचा सुव्यवस्थित मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाच्या, कार्यक्षमतेशी काही संबंध असल्याचा पुरावा समोर नाही, म्हणून या शस्त्राला संरक्षण आहे असे म्हणता येत नाही. हक्क व्यक्तीचा की मिलिशियाचा, याचे स्पष्ट उत्तर त्यात नव्हते. १७९१ च्या या घटनादुरुस्तीच्या एका वाक्यात सुरुवातीला मिलिशिया येते आणि नंतर लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क. दोन्हींचा सांधा कसा जुळतो हे न्यायालयाने सांगितलेच नाही. पुढची सहा दशके खालच्या न्यायालयांनी मिलरचा अर्थ हक्क मिलिशियापुरताच असा लावला, आणि न्याय खातेही तेच म्हणत राहिले. हेलरमध्ये तर दोन्ही बाजूंनी मिलरचाच दाखला दिला.

हा इतिहास मला फार खटकतो. सरकारने बोलू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. पण समोर उत्तर देणारा नसताना सरकारचे एकट्याचे म्हणणे ऐकून लागलेला निकालावर देशाला जवळजवळ सत्तर वर्षे भागवावे लागले. सरकारच्या सहभागाचा खरा धोका मला दिसतो तो इथे. ते बोलते याची मला भीती वाटत नाही. समोरचा गरीब असतो, थकलेला असतो, कधी मेलेलाही असतो, त्याची वाटते.

२००१ मध्ये चित्र बदलू लागले. अॅटर्नी जनरल जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी मे महिन्यात नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेला पत्र लिहून कळवले की, दुसरी घटनादुरुस्ती व्यक्तीच्या हक्काचे रक्षण करते असे आपले मत आहे. खात्याची जुनी भूमिका एका खाजगी संघटनेला लिहिलेल्या पत्रातून बदलावी, याबद्दल तेव्हा टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाचव्या सर्किटच्या (अपिलांसाठी देशाचे जे विभाग केले आहेत त्यांतला एक) अपील न्यायालयाने इमर्सन खटल्यात तेच मत मांडले. टेक्ससमधल्या एका डॉक्टरवर घटस्फोटाच्या दाव्यात मनाई हुकूम असताना पिस्तूल बाळगल्याचा आरोप होता. न्यायालय म्हणाले, हक्क व्यक्तीचा आहे, पण अशा हुकमाखाली असलेल्याला शस्त्र बाळगायला मनाई करणारे कलम तरीही वैध आहे.

डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, मे २००२ मध्ये, सॉलिसिटर जनरल थिओडोर ओल्सन यांनी दिलेले उत्तर विधी अभ्यासणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. तळटिपेत त्यांनी सरळ कबूल केले की सरकारची भूमिका बदलली आहे आणि हक्क व्यक्तीचा आहे असे आता सरकार मानते. पण मागणी काय होती? अर्ज फेटाळा. त्याच सुमारास मशिनगनच्या एका खटल्यातही तेच केले. म्हणजे तत्त्व पूर्ण उलटे झाले, तरी कलमे जागच्या जागी राहिली आणि आरोपीही होता तिथेच राहिला. वर्तमानपत्रांत मथळे तळटिपेचे झाले. माझ्यासारख्या वकिलाला मात्र शेवटच्या पानावरची मागणी महत्त्वाची वाटली.

आता हेलर. वॉशिंग्टन शहराच्या १९७० च्या दशकातल्या कायद्याने नागरिकाला घरातही नवे पिस्तूल ठेवता येत नव्हते, आणि रायफल किंवा शॉटगन ठेवलीच तर ती रिकामी आणि सुटी करून किंवा घोड्याला कुलूप लावून ठेवावी लागे. डिक हेलर हे एका फेडरल इमारतीत सशस्त्र पहारा देणारे गृहस्थ. ड्युटीवर पिस्तूल बाळगायचे, घरी मात्र बंदी. वॉशिंग्टन हे राज्य नसून थेट केंद्राच्या अखत्यारीतले शहर आहे, म्हणून दुसरी घटनादुरुस्ती राज्यांना लागू होते का हा वेगळा वाद इथे आडवा आला नाही. आव्हान देणाऱ्यांनी हे शहर निवडले त्यामागे हा हिशेब होता. मार्च २००७ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश सिल्बरमन यांनी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बंदी रद्द केली. त्यांच्या निकालातला कळीचा भाग असा की, पिस्तूल हे घटनेला अभिप्रेत असलेले शस्त्र आहे एवढे एकदा ठरले की मग त्यावर सरसकट बंदी घालण्याची मुभाच शहराला उरत नाही.

सॉलिसिटर जनरल पॉल क्लेमंट यांना नेमके हेच वाक्य टोचले. बंदी शहराची होती, पण त्या तर्काला एक सामाईक भिंत होती आणि तिच्या पलीकडे केंद्राचे घर होते. नागरिकांना नव्या मशिनगन बाळगायला बंदी करणारे १९८६ चे फेडरल कलम त्याच तर्काने कोसळू शकले असते, कारण मशिनगन हेही शस्त्रच, आणि बंदीही सरसकटच. म्हणून जानेवारी २००८ च्या निवेदनात क्लेमंट यांनी तीन पावले टाकली. हक्क व्यक्तीचा आहे. पण खालच्या न्यायालयाची कसोटी फारच ताठर आहे. म्हणून योग्य ती मधली कसोटी घालून द्या आणि खटला परत पाठवा.

बंदूकधारकांच्या गोटात संताप उसळला. उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सिनेटचे अध्यक्ष या नात्याने ५५ सिनेटर आणि २५० प्रतिनिधींबरोबर वेगळ्या निवेदनावर सही केली आणि हेलर यांचा विजय कायम ठेवण्याची मागणी केली. आपल्याच सरकारच्या न्याय खात्याविरुद्ध उपाध्यक्षांनी सही करावी, असे सहसा घडत नाही. टेक्ससच्या पुढाकाराने ३१ राज्ये हेलर यांच्या बाजूने आली, तर न्यूयॉर्कसह काही राज्ये शहराच्या बाजूने. क्लिंटन काळातल्या अॅटर्नी जनरल जॅनेट रेनो आणि न्याय खात्यातले इतर माजी अधिकारीही शहराच्या बाजूने लिहिते झाले. सरकार म्हणजे कोण, असा प्रश्न तुम्ही विचाराल तर या एका खटल्यातच अर्धा डझन उत्तरे सापडतील.

१८ मार्च २००८ च्या सुनावणीत क्लेमंट यांना पंधरा मिनिटे मिळाली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा रोख असा होता की, इतर हक्कांसाठी वर्षानुवर्षांत तयार झालेल्या कसोट्या इथे आणायची गरजच काय. २६ जूनला पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हक्क व्यक्तीचा मानला, शहराची बंदी रद्द केली आणि खटला परत पाठवण्याची सरकारची विनंती मानली नाही. कागदावर क्लेमंट हरले.

मला मात्र ते हरले असे वाटत नाही. निकालपत्रात एक परिच्छेद आहे. गुन्हेगारांना आणि मानसिक आजाऱ्यांना शस्त्रबंदी, शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या जागांवरची बंधने, व्यापारी विक्रीवरच्या अटी, यांवर आम्ही शंका घेत नाही, असे तो सांगतो. शिवाय, सर्रास वापरात नसलेल्या धोकादायक शस्त्रांना संरक्षण नाही असेही निकालात आहे, म्हणजे मशिनगनचा प्रश्न मिटला. हे सगळे सरकारी निवेदनामुळेच आले असे सिद्ध करता येणार नाही, कारण पाचवे मत टिकवण्याची गरज हेही कारण असू शकते. पण केंद्राला जी भीती होती तिचे उत्तर मिळाले, हे निकाल वाचणाऱ्याला दिसते. आणि पुढची चौदा वर्षे माझ्यासारख्यांनी आरोपीसाठी काहीही मांडले, की सरकारी वकील तोच परिच्छेद पुढे करत.

आता दबावाचे पाहू. सरकार म्हणते म्हणून न्यायालय वाकते, असे नोंदी सांगत नाहीत. हेलरमध्ये विनंती नाकारली. २०२२ च्या ब्रूएन खटल्यात बायडेन सरकारने घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठीच्या न्यूयॉर्कच्या परवाना कायद्याची बाजू घेतली आणि सहा विरुद्ध तीनने हरले. २०२४ मध्ये बंप स्टॉकवरची, म्हणजे रायफलमधून झपाट्याने गोळ्या झाडता येणाऱ्या जोडसाधनावरची, बंदी गेली, त्याच फरकाने. तो वाद हक्काचा नसून कायद्याच्या व्याख्येचा होता, पण एक गंमतीची नव्हे तर विचार करण्याजोगी गोष्ट अशी की तो नियम लास वेगसच्या २०१७ च्या हत्याकांडानंतर ट्रम्प सरकारने आणला होता आणि न्यायालयात त्याचा बचाव बायडेन सरकारने शेवटपर्यंत केला. दुसरीकडे जून २०२४ च्या रहिमी खटल्यात सरकार आठ विरुद्ध एकने जिंकले.

रहिमी खटल्यात सरकारची खरी ताकद कळते, आणि ती युक्तिवादात नाही. ती निवडीत आहे. ब्रूएनने सांगितले की बंधन टिकवायचे तर देशाच्या इतिहासात तशी परंपरा दाखवा. मग खालच्या न्यायालयांत फेडरल कलमे एकामागून एक डळमळू लागली. तिसऱ्या सर्किटने रेंज खटल्यात १९९५ मध्ये फूड स्टॅम्प या सरकारी अन्नमदतीसाठी खोटे उत्पन्न दाखवलेल्या माणसाला आयुष्यभर शस्त्रबंदी करता येणार नाही असे ठरवले. पाचव्या सर्किटने कौटुंबिक हिंसेच्या मनाई हुकमाचे कलम, इमर्सनमध्ये टिकलेले तेच, रहिमी खटल्यात रद्द केले. सॉलिसिटर जनरल एलिझाबेथ प्रेलोगर यांनी रहिमी आधी ऐका म्हणून अर्ज केला आणि रेंज तोवर बाजूला ठेवा अशी विनंती केली. एकीकडे जोडीदाराला मारहाण आणि अनेक गोळीबारांचे आरोप असलेला माणूस, दुसरीकडे जुन्या खोट्या अर्जाचा डाग असलेला कुटुंबवत्सल गृहस्थ. देशासाठी नियम कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरावा, हे सरकारला बऱ्याच अंशी ठरवता येते. आरोपीच्या वकिलाकडे एकच अशील असते आणि त्याला निवडायची सोय नसते. रास्त म्हणून हेही सांगितले पाहिजे की रहिमीचा निकाल लागताच सरकारनेच न्यायालयाला विनवले, आता गुन्हा सिद्ध झालेल्यांच्या शस्त्रबंदीचे खटलेही लगेच ऐका. न्यायालयाने ते ऐकण्याऐवजी खाली परत पाठवले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या सर्किटने पुन्हा रेंज यांच्याच बाजूने निकाल दिला.

सरकार बदलते तेव्हा नेमके काय बदलते? माझ्या अनुभवात, राज्यांच्या आणि शहरांच्या कायद्यांबद्दलचा सूर बदलतो. तिथे केंद्राला स्वतःचे काही गमवायचे नसते, म्हणून पक्षाचा रंग तिथे उमटतो. २०१० च्या मॅकडोनाल्ड खटल्यात, हा हक्क राज्यांनाही लागू आहे का एवढा मोठा प्रश्न असताना, ओबामा सरकारने निवेदनच दिले नाही, आणि गप्प राहणे हीसुद्धा भूमिकाच असते. २०१९ मध्ये ट्रम्प सरकार न्यूयॉर्क शहराच्या नियमाविरुद्ध उभे राहिले, दोन वर्षांनी बायडेन सरकार न्यूयॉर्क राज्याच्या बाजूने. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हुकूम काढून शस्त्रहक्काच्या खटल्यांतल्या सगळ्या भूमिका तपासायला सांगितल्या, आणि त्याच वर्षी न्याय खात्याने परवान्यांना अतोनात उशीर होतो म्हणून लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याविरुद्ध स्वतःच दावा लावला.

त्याच वर्षीच्या दोन खटल्यांत मात्र जुनी रेघ पुन्हा दिसते. हवाई राज्याने असा कायदा केला होता की दुकान-हॉटेलांसारख्या लोकांना खुल्या असलेल्या खाजगी जागेत मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय पिस्तूल नेऊ नये. त्याविरुद्धच्या वुल्फर्ड खटल्यात सॉलिसिटर जनरलने कोणी न विचारता आव्हान देणाऱ्यांच्या बाजूने निवेदन दिले. आणि हेमानी खटल्यात त्याच कार्यालयाने, अमली पदार्थ घेणाऱ्याला शस्त्रबंदी करणारे फेडरल कलम वाचवा म्हणून, स्वतः सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने दोन्ही खटले सुनावणीला घेतले. राज्याचे बंधन घटनाबाह्य आणि केंद्राचे वैध, हा सूर ओल्सन यांच्या तळटिपेपासून फारसा बदललेला नाही.

अर्थात हे सगळीकडे सारखेच लागू पडते असे नाही. कधी सरकार फेडरल कायद्याचाही बचाव सोडते. मग अॅटर्नी जनरलना तसे संसदेला लेखी कळवावे लागते. २०११ मध्ये विवाहाच्या व्याख्येच्या कायद्याबाबत असे घडले होते. जिल्हा न्यायालयातला सरकारी वकील आणि वॉशिंग्टनमधले सॉलिसिटर जनरल यांचा सूरही कधी वेगळा असतो. त्यामुळे कोणते न्यायालय, कोणाचा कायदा, आणि सरकार पक्षकार आहे की न्यायमित्र, हे कळल्याशिवाय मी कोणालाच अंदाज सांगत नाही.

बदललेल्या भूमिकेला किंमत किती, याचे उत्तर न्यायाधीशांच्या वागण्यात आहे. ओल्सन यांच्यासारखा बदल उघड सांगितला आणि कारणे दिली, तर तो इतर कोणत्याही युक्तिवादासारखा तपासला जातो. अधिक विचारांती मत बदलले, असे गुळमुळीत लिहिले तर चालत नाही. २०१२ मध्ये आरोग्य योजनेच्या एका वेगळ्याच खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलाला भर न्यायालयात सुनावले होते की, विचार वाढलेला नाही, मंत्री बदलला आहे. राखाडी मुखपृष्ठाचे निवेदन हातात आले की मी आधी शेवटचे पान पाहतो, तिथे मागणी असते. मग सरकारचा हितसंबंध सांगणारा सुरुवातीचा भाग वाचतो आणि त्यात कोणत्या फेडरल कलमांची नावे आहेत ते पाहतो. हक्काची स्तुती असलेली मधली पाने त्यानंतर. तुम्हीही क्लेमंट यांचे निवेदन याच क्रमाने वाचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आपोआप मिळेल.

आता तुमचा भाऊ. कोणतेही सरकार व्यक्तीच्या हक्काबद्दल काहीही बोलो, फेडरल कायद्याच्या कलम ९२२(जी)(५) प्रमाणे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगणे हा गुन्हा आहे. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल तासभर हातात धरणे हेसुद्धा बाळगण्यातच येते. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी कायद्यातच काही अपवाद आहेत, आणि त्यांतला रोजच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. २०२२ च्या कायद्याने या कलमाची कमाल शिक्षा दहावरून पंधरा वर्षे झाली, आणि शस्त्राचा गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढले जाण्याचा धोका वेगळाच.

फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचे असेच झाले. कॉलेजने काढून टाकल्यावर त्याचा व्हिसा संपला, तो रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला आणि याच कलमाखाली दोषी ठरला. रेहाइफ नावाच्या त्या खटल्यात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोनने सांगितले की, आपला दर्जा काय आहे हे आरोपीला माहीत होते, हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे. सरकार तिथे हरले. पण तुमच्या भावाला आपण एच-१बीवर आहोत हे पक्के माहीत आहे, त्यामुळे या निकालाचा त्याला उपयोग नाही. मित्रांना हो म्हणण्याआधी त्याने टेक्ससचा शिकारीचा परवाना काढावा, त्याची मुदत पाहावी, रेंजवर जाताना तो आणि पासपोर्ट जवळ ठेवावा, आणि त्याच्या आधी त्याच्या कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्यावे.